यादी दिल्लीची, तिजोरी कुणाची?

वर्धा जिल्ह्याचा सामाजिक इतिहास लिहायला बसलेल्याची लेखणी आपोआप सेवाग्रामकडे वळते. १९२८ साली जमनालाल बजाजांनी वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुले केले, हेही आवर्जून सांगितले जाते. ते खरेच आहे. पण हिंगणघाट, पुलगाव, आर्वीकडच्या आमच्या वस्त्यांना जो दरवाजा हवा होता तो महाविद्यालयाचा, आणि त्याची किल्ली होती ‘भारत सरकारची शिष्यवृत्ती’. या शिष्यवृत्तीवर हक्क कुणाचा आणि तिचा खर्च कुणी सोसायचा, यावरून केंद्र आणि राज्य यांच्यात जी ओढाताण झाली तिचा इतिहास मात्र कुणी लिहीत नाही.

ही शिष्यवृत्ती म्हणजे कुणाची मेहेरबानी नव्हती. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना बाबासाहेबांनी १९४२ साली अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारपुढे ठेवले, आणि १९४४ पासून केंद्राने या कामी पैसा देणे सुरू केले. पुढे १९५० साली राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची यादी ठरली. तीत एक अट होती: हिंदूखेरीज अन्य धर्म मानणारा अनुसूचित जातीचा गणला जाणार नाही. १९५६ साली शिखांचा समावेश झाला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात धर्मांतर झाले. गावाच्या नजरेतली आमची जात तशीच राहिली. दिल्लीच्या कागदावरची तेवढी पुसली गेली!

महाराष्ट्राने १९६० साली बौद्धांना आपल्या अखत्यारीतल्या सवलती दिल्या. केंद्राच्या नोकऱ्या आणि राखीव मतदारसंघ मात्र यादीला बांधलेले होते. नागपूरच्या राखीव मतदारसंघातून १९६२ साली निवडून आलेल्या मेश्रामांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. बौद्ध धर्म उघडपणे स्वीकारला म्हणून त्यांची निवड रद्द ठरली. ६ डिसेंबर १९६४ पासून दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाने जो देशव्यापी सत्याग्रह केला, त्याच्या मागण्यांत बौद्धांच्या सवलतींचीही मागणी होती. तरी आदेशात दुरुस्ती व्हायला १९९० साल उजाडले. चौतीस वर्षे! तोवर किती बापांनी मुलाच्या दाखल्यावर ‘हिंदू महार’ तसेच राहू दिले असेल? ज्या धर्मातून आपण बाहेर पडलो त्याचीच साक्ष फीसाठी काढायला लावणारी ही व्यवस्था स्वतःला धर्मनिरपेक्ष म्हणवत होती.

यादीचा प्रश्न सुटला तो तिजोरीचा उरला. योजना केंद्राची, पण तिच्यात ‘बांधील दायित्व’ नावाची एक मेख होती. पंचवार्षिक योजनेच्या अखेरच्या वर्षी जेवढी मागणी, तेवढा बोजा पुढे राज्याचा. त्यावर होणारी वाढ तेवढी केंद्र देणार. म्हणजे आमची मुले जितकी जास्त शिकली, तितका राज्याचा भार वाढला. बारावी योजना मार्च २०१७ ला संपली आणि हा भार एकदम फुगला. दिल्ली राज्याकडे बोट दाखवी, राज्य दिल्लीकडे. मी अध्यापक म्हणून शिष्यवृत्ती मंजूर असूनही रक्कम न आल्याने गुणपत्रिका अडवून ठेवलेले विद्यार्थी पाहिले आहेत. त्या खिडकीवर ‘बांधील दायित्व’ हा शब्द कुणी उच्चारीत नाही. ‘आधी फी भरा’ एवढेच सांगतात.

२३ डिसेंबर २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ही पद्धत मोडली. पाच वर्षांसाठी ५९,०४८ कोटी, त्यांपैकी ३५,५३४ कोटी केंद्राचे. प्रमाण ६० आणि ४०. केंद्राचा हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा व्हायचा. निर्णय चांगलाच म्हणायला हवा, आणि तो सहजासहजी झालेला नाही. पण राज्याने आपले ४० टक्के सोडल्याची खात्री झाल्याशिवाय केंद्राचे ६० सुटत नाहीत. म्हणून कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकारात पहिला अर्ज याच मुद्द्यावर करावा: आपल्या जिल्ह्यातील विद्यार्थ्यांचा राज्याचा हिस्सा कोणत्या तारखेला सोडला, आणि त्या वर्षीची परीक्षा कोणत्या तारखेला संपली?