नखांवरची खतावणी

आमच्या नाशिकात सध्या मुलींच्या नखांवर संगमरवर उगवतो आहे. वाटीभर साध्या पाण्यात नेलपॉलिशचे दोन-तीन रंग थेंब थेंब सोडायचे, टाचणीनं रेघ ओढायची आणि बोट बुडवायचं. पाणी फार गार असलं तर रंग पसरत नाही. “बाबा, एकदम लेटेस्ट!” इति कन्या.

लेटेस्ट? अहो, याला फारसीत ‘अब्री’ म्हणतात. अब्र म्हणजे ढग! सतराव्या शतकात दख्खनच्या, बहुधा विजापूरच्या, चितारी मंडळींनी चिकट पाण्यावर रंग तरंगवले, ते कागदावर उतरवले आणि त्यातून घोडे काढले. तेही हाडकुळे. (महिनाअखेरचे असावेत.)

विलायतेत हीच नक्षी हिशेबाच्या जाड वह्यांच्या कडांवर चढली. शोभेला नव्हे हं! मधलं पान कुणी फाडलं, की कडेची नक्षी तुटे आणि लबाडी उघडी पडे. कारकुनाच्या इमानावर ढगांचा पहारा!

संगणक आले, खतावण्या अडगळीत गेल्या. आता पहारा पासवर्डचा. तो आमच्या शाखेत चिठ्ठीवर लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवलेला असतो.