चित्रातला रंग बदलतो कुठे?

मंडळी, तुळजापूरला आईच्या दर्शनाला गेलेला माणूस परत येताना कुंकवाची पुडी घेऊन येतो. त्या कुंकवाचा रंग आपल्या डोळ्यांच्या ओळखीचा असतो. आता त्याच कुंकवाचा फोटो मोबाइलवर काढा आणि शाळेतल्या संगणकावर उघडा. एकीकडे ते शेंदरी दिसेल, दुसरीकडे काळपट तांबडे. कुंकू तेच, फोटोही तोच. मग रंग बदलला कुठे? प्रश्न आजचा वाटतो खरा, पण त्याला दीडशे वर्षांहून मोठा इतिहास आहे.

सुरुवात लंडनची. 1861 साली जेम्स क्लार्क मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने एका रंगीत फितीचे तीन फोटो काढविले. एक तांबड्या काचेतून, एक हिरव्या आणि एक निळ्या. मग तीन दिव्यांनी ती तीन चित्रे त्याच रंगांच्या काचांतून एकाच पडद्यावर एकावर एक टाकली, तर फीत रंगीत दिसली! तीन रंगांत सगळे रंग मांडता येतात, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले. गंमत पुढेच आहे. त्या काळच्या फोटोच्या काचेला तांबडा प्रकाश जवळजवळ कळतच नव्हता. मग तांबडा आला कोठून? त्याचा उलगडा व्हायला तब्बल शंभर वर्षे लागली. तांबडे कापड डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरणही परतवीत होते आणि काचेने तेच टिपले होते. म्हणजे चित्र बरोबर दिसले तरी आतला हिशेब बरोबर असेलच असे नाही.

आता आपल्याकडे या. राजा रविवर्म्याने 1894 साली मुंबईत शिळाछापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. देवादिकांची त्याची रंगीत चित्रे घरोघर भिंतींवर लागली. या छपाईत एकेका रंगासाठी वेगळा दगड लागे. कच्चा छाप मूळ चित्राशेजारी धरायचा, कुठला रंग जास्त झाला ते पाहायचे आणि दुरुस्त करायचे. मूळ आणि नक्कल दोन्ही कारागिराच्या डोळ्यांसमोर असत, म्हणून चूक तिथल्या तिथे सापडे.

चित्रपटात तशी सोय नव्हती. 1933 साली प्रभात फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ आला. व्ही. शांताराम यांनी तो रंगीत करण्याचे धाडस केले आणि त्यासाठी फिल्म जर्मनीला नेली. त्या काळी जगातले बहुतेक रंगीत चित्रपट दोनच रंगांच्या जोडीवर भागवीत असत. ‘सैरंध्री’चे रंग मनासारखे उतरले नाहीत आणि प्रयोग फसला. म्हणून प्रभातच्या मंडळींना कसब नव्हते असे कोण म्हणेल? रंग टिपायचा एका ठिकाणी, तो छापायचा दुसऱ्या देशात आणि दाखवायचा तिसऱ्याच पडद्यावर. मधल्या प्रत्येक पायरीवर तो निसटू शकतो.

आजचा फोटो असाच प्रवास करतो. संगणकात रंग नसतो, आकडे असतात. चित्राच्या प्रत्येक ठिपक्याला तांबडा, हिरवा, निळा असे तीन आकडे, बहुधा 0 ते 255 मधले. पण ‘तांबडा 255’ म्हणजे नेमका कोणता तांबडा? आपल्या वडीलधाऱ्यांना विचारा. ‘एक पायली ज्वारी’ म्हटले की पुढचा प्रश्न यायचा, ‘कोणत्या गावची पायली?’ मापाचे नाव एक, पण माप गावोगाव वेगळे. 1956 च्या कायद्याने मेट्रिक मापे आली आणि हा घोळ मिटत गेला. रंगांचेही तसेच झाले. 1993 साली काही कंपन्यांनी एकत्र येऊन चित्रासोबत ‘हे आकडे अमुक मापाचे’ अशी चिठ्ठी जोडण्याची पद्धत ठरविली. या चिठ्ठीला कलर प्रोफाइल म्हणतात. 1996 साली ‘एसआरजीबी’ हे सर्वसाधारण माप पुढे आले. साध्या पडद्यांसाठी तेच सोयीचे.

म्हणून फोटोशॉपसारख्या सॉफ्टवेअरमध्ये रंग चुकीचा दिसला, तर लगेच रंग ओढाताण करून बदलू नका. आधी दोष कुठे आहे ते शोधा. एकाच पडद्यावर दोन सॉफ्टवेअरांत तोच फोटो वेगळा दिसतो का? मग चिठ्ठी हरवली आहे, किंवा एक सॉफ्टवेअर ती वाचत नाही. दोन यंत्रांवर वेगळा दिसतो का? मग पडदा तपासा. रात्रीचा पिवळसर उजेड चालू असेल तर बंद करा, प्रखरता बेताची ठेवा. सगळीकडे सारखाच, पण खऱ्या वस्तूपेक्षा निराळा दिसतो का? मग फोटो काढतानाचा उजेड कॅमेऱ्याला नीट उमगला नाही. अशा वेळी वस्तूशेजारी पांढरा कागद ठेवून पुन्हा फोटो काढा आणि त्या कागदावरून दुरुस्ती करा.

आणखी एक. चिठ्ठी नुसती बदलली तर आकडे तेच राहतात, रंग बदलतो. रूपांतर केले तर आकडे बदलतात, रंग शक्य तितका तोच राहतो. पायलीवर किलोची पाटी चिकटवून धान्य किलोचे होत नाही, हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही! आणि फोटो दुसऱ्याला पाठविताना एसआरजीबीत रूपांतर करून, चिठ्ठी सोबत ठेवूनच पाठवा.

एवढी खटपट कशासाठी, असे कोणी म्हणेल. धाराशिव जिल्ह्यातला शेतकरी सोयाबीनचे पिवळे पडलेले पान मोबाइलवर टिपतो आणि सल्ल्यासाठी दूर पाठवितो. पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल, तर लोहाची कमतरता असू शकते. पिवळे-हिरवे वेडेवाकडे चट्टे असतील, तर पांढऱ्या माशीने पसरविलेला मोझॅक रोग असू शकतो. पहिल्यावर लोहाची फवारणी, दुसऱ्यावर रोगट झाडे उपटून माशीचा बंदोबस्त. त्या पिवळ्या-हिरव्याचा फरक फोटोत पुसला गेला, तर औषध चुकेल, पैसा जाईल आणि हंगाम काही थांबणार नाही.

शिक्षकहो, एक साधा प्रयोग वर्गात करा. हळद, कुंकू, हिरवे पान आणि पांढरा कागद शेजारी ठेवून उजेडात फोटो काढा. तो मोबाइलवर आणि संगणकावर दाखवा, आणि खऱ्या वस्तू समोरच राहू द्या. रंग कुठे बदलला, ते मुलांनाच शोधू द्या. ज्या पोराला ते शोधता आले, त्याच्या हातून घरच्या शेतातल्या पानाचा फोटो नीट जाईल.