उकिरड्याची दैना आणि इंदूरचे खत

उकिरड्याचीही दैना बारा वर्षांनी फिटते, अशी आपल्याकडे म्हण आहे. दैवाचे फेरे सर्वांनाच सारखे असतात, एवढेच ती सुचविते; उकिरडा हा तिच्यात केवळ हीनपणाचा दाखला म्हणून आला आहे. परंतु हा उकिरडाच शास्त्रज्ञांच्या अभ्यासाचा विषय झाला, त्याची दैना बारा वर्षांऐवजी तीन महिन्यांत फिटू लागली, आणि हे कार्य घडले होळकरांच्या इंदूर शहरी, ही हकीकत मात्र पुष्कळ मराठी घरांना ठाऊक नाही. जगातील शेतीच्या आणि बागकामाच्या ग्रंथांत 'इंदूर पद्धत' हा शब्द आज रूढ आहे. आफ्रिकेतील किंवा अमेरिकेतील ज्या माळ्याने इंदूर कधी नकाशावरही पाहिलेले नाही, त्याच्या तोंडी या नगरीचे नाव असते. आणि ते येते ते खताच्या ढिगाशी निगडित होऊन.

या हकीकतीचा आरंभ मात्र इंदुरात नव्हे, तर बिहारमधील पुसा येथे झाला. 1905 साली तेथे सरकारी कृषिसंशोधन संस्था निघाली आणि वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून अल्बर्ट हॉवर्ड यांची नेमणूक झाली. हॉवर्ड यांचा जन्म 1873 साली इंग्लंडातील श्रॉपशायर परगण्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. केंब्रिज येथील शिक्षण आटोपून ते वेस्ट इंडीजमधील बार्बाडोस बेटावर बुरशीजन्य रोगांचे तज्ज्ञ म्हणून राहिले होते. तेथे त्यांच्या मनाला एक शल्य लागले. पिकाच्या रोगावर शेतकऱ्याला उपदेश करावयाचा, पण तो उपदेश आधी स्वतःच्या शेतात पडताळून पाहावयास हाती वावभर जमीन नाही, ही आपली स्थिती त्यांना लाजिरवाणी वाटू लागली. पुसा येथे आल्यावर त्यांनी स्वतःसाठी 75 एकर जमीन मागून घेतली आणि आसपासचे शेतकरी काय करतात, हे पाहण्यास प्रारंभ केला.

जे दिसले त्याने ते चकित झाले. त्या शेतकऱ्यांजवळ औषधे नव्हती, फवारे नव्हते. तरी त्यांची पिके बहुधा निरोगी असत. हॉवर्ड यांनी शेतकरी आणि पिकावरील कीड या दोघांनाही आपले गुरू मानले. शेतकरी काय करावे ते शिकवितो. आणि कीड पडली म्हणजे कोठे काय चुकले ते कळते, असा त्यांचा विचार होता. पुढे त्यांच्या निगराणीतील बैल शेजारच्या गोठ्यांतील लाळखुरकताने आजारी झालेल्या जनावरांशी कुंपणावरून तोंडे घाशीत, तरी त्यांना तो रोग जडला नाही, असे त्यांनी नमूद केले आहे. सकस जमिनीतील सकस चारा हेच त्याचे कारण, असे अनुमान त्यांनी काढले. एवढ्या निरीक्षणावरून एवढे मोठे अनुमान काढावे काय, याविषयी शास्त्रज्ञांत मतभेद झाले आणि ते होणे रास्तही होते. परंतु जमीन, पीक, जनावर आणि माणूस यांची एकच साखळी आहे, हा विचार त्यांच्या मनात येथेच रुजला.

या कार्यात ते एकटे नव्हते. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल या स्वतः केंब्रिजमध्ये नाव मिळविलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. 1905 साली मुंबईत उभयतांचा विवाह झाला. गव्हाच्या 'पुसा 4' आणि 'पुसा 12' या ज्या जातींनी उत्तर हिंदुस्थानात मोठा विस्तार पाहिला, त्या या दांपत्याच्या जोडीच्या परिश्रमाचे फळ होत. 1913 मध्ये गॅब्रिएल यांनाही सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञाचे पद देण्यात आले. त्या काळी स्त्रीला असे पद मिळणे ही सामान्य गोष्ट नव्हती.

पुशाच्या संस्थेत प्रत्येक शास्त्राचा विभाग निराळा होता. वनस्पतिशास्त्रज्ञाने वनस्पती पाहावी, रसायनशास्त्रज्ञाने माती, कीटकशास्त्रज्ञाने कीड. एकाने दुसऱ्याच्या अंगणात पाऊल टाकू नये, अशी ती व्यवस्था. रोप मात्र असे विभाग मानीत नाही. त्याची मुळे मातीत असतात, पाने हवेत असतात आणि कीड दोन्हीकडे असते. हॉवर्ड पतिपत्नींना अशी संस्था हवी होती की, जेथे पिकाचा विचार बियाण्यापासून खतापर्यंत सलग करता येईल. ही इच्छा पूर्ण झाली ती इंदुरात. 1924 साली तेथे 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री' ही संस्था स्थापन झाली. जमीन सुमारे 300 एकर, ती होळकर दरबारने दिली. खर्चाचा भार मध्य हिंदुस्थानातील संस्थाने आणि कापसाच्या सुधारणेसाठी नेमलेली मध्यवर्ती समिती यांनी वाटून घेतला. सर्वांची अपेक्षा कापसाविषयी होती. खत हा विषय प्रारंभी कोणाच्या मनात अग्रभागी नव्हता.

परंतु माळव्याच्या काळ्या जमिनीने तो पुढे आणला. पावसाळ्यात ही जमीन चिकट होऊन पाणी धरून बसते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. निचरा नीट नसेल तर मुळांना हवा मिळत नाही. शिवाय कांस गवताची मुळे खोलवर शिरलेली. संस्थेने प्रथम चर खणून पाण्याला वाट दिली आणि कांस उपटून काढला. मग प्रश्न आला तो जमिनीच्या पोटाचा. शेण मिळे, पण त्याचा मोठा भाग गोवऱ्या होऊन चुलीत जाई. कपाशीच्या पऱ्हाट्या, तुरीची धसकटे, उसाची चिपाडे, तण, पालापाचोळा हे सारे एकतर जाळले जाई किंवा बांधावर पडून राही. गोमूत्र तर गोठ्याच्या जमिनीत मुरून वायाच जाई. जे जमिनीतून आले ते जमिनीला परत कसे द्यावे, हा प्रश्न होता. चीनमधील शेतकरी शतकानुशतके असे परतफेडीचे व्यवहार करीत आले आहेत, हे अमेरिकन शास्त्रज्ञ किंग यांच्या 1911 सालच्या ग्रंथावरून हॉवर्ड यांना ठाऊक होते. मात्र तेथील अनुभवाला शास्त्राचा मापदंड लावून माळव्यातील शेतकऱ्याला झेपेल असे रूप देणे, हे काम शिल्लक होते.

येथे एका मराठी आडनावाचा प्रवेश होतो. संस्थेच्या रसायन विभागाचे प्रमुख साहाय्यक यशवंत वाड यांनी या प्रयोगांचा रासायनिक पाया घातला. कुजण्याची क्रिया म्हणजे सूक्ष्म जिवांचे भोजन होय. प्रथम बुरशी कामाला लागते, मागाहून जिवाणू. या जिवांना कर्ब आणि नत्र ही दोन्ही द्रव्ये ठराविक प्रमाणात लागतात. नुसत्या वाळल्या काड्या रचल्या तर कर्ब फार, नत्र थोडे. ढीग वर्षभर तसाच राहतो. नुसते शेण साठविले तर नत्र वायुरूपाने उडून जाते. आरंभी कर्बाचे प्रमाण नत्राच्या सुमारे तेहतीस पट असावे, म्हणजे कुजून झाल्यावर ते दहा पटींच्या आसपास येते आणि नत्र वाया जात नाही, असा निष्कर्ष निघाला.

प्रत्यक्ष कृती तर शेतकऱ्याच्या हातची होती. पऱ्हाट्यांसारखा कठीण माल शेतातील रस्त्यावर पसरावयाचा. गाड्यांच्या चाकांखाली तो चेचला जाई, त्यासाठी यंत्र नको. मग तो पाला-काडीसह बैलांखाली अंथरावयाचा. गोठ्याची जमीन मातीचीच ठेवावयाची आणि मूत्राने भिजलेली ती माती काही महिन्यांनी खणून खतासाठी घ्यावयाची. सुमारे तीस फूट लांब, चौदा फूट रुंद आणि दोन-तीन फूट खोल खड्ड्यात काडीकचरा, शेण, मूत्रमाती आणि चुलीतील राख यांचे थर द्यावयाचे, वर पाणी शिंपडावयाचे. खड्डा याहून खोल नको, कारण तळाशी हवा पोहोचत नाही. राख आणि माती यांच्या योगाने कुजताना उत्पन्न होणारे आम्ल मारले जाते. ढीग आतून इतका तापतो की हात ठेववत नाही. सुमारे पंधरवड्याने, महिन्याने आणि दोन महिन्यांनी अशी तीन वेळा उलथापालथ केली की तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत, मातीचा वास येणारे खत हाती येई. पावसाळ्यात खड्डे पाण्याने भरत, म्हणून त्या दिवसांत जमिनीवरच ढीग रचीत.

1930 साली गॅब्रिएल हॉवर्ड यांचे निधन झाले आणि पुढच्याच वर्षी अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूर सोडले. त्याच 1931 साली शेतीतील टाकाऊ पदार्थांविषयीचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यावर लेखक म्हणून हॉवर्ड आणि वाड अशी दोन नावे आहेत. केनियातील कॉफीच्या आणि हिंदुस्थान-सिलोनमधील चहाच्या मळ्यांत ही पद्धत थोड्याच वर्षांत पोहोचली. 1935 च्या एप्रिलमध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदुरास आलेल्या महात्मा गांधींनी संस्थेस भेट दिली आणि त्याच वर्षी 'हरिजन' पत्रातून या खताची माहिती खेड्यांतील कार्यकर्त्यांपुढे ठेवली. खेड्याची घाण दूर व्हावी आणि तीच शेताचे धन व्हावी, हा विचार त्यांना फार जवळचा होता. 1940 साली हॉवर्ड यांचा विख्यात ग्रंथ निघाला आणि सेंद्रिय शेतीच्या जागतिक चळवळीने त्यांना आपले आद्य पुरुष मानले. त्या कीर्तीच्या प्रकाशात 'हॉवर्ड' हे एकच नाव उरले. वाड यांचे नाव ग्रंथाच्या मुखपृष्ठावर राहिले, लोकांच्या तोंडी राहिले नाही.

या पद्धतीचा प्रसार परदेशात झाला तसा तो माळव्याच्या खेड्यांत का झाला नाही, हा प्रश्न टाळून चालत नाही. मळेवाल्याजवळ मजूर होते आणि पाणी होते. लहान शेतकऱ्याला ढीग तीनदा उलथणे आणि त्यावर विहिरीचे पाणी घालणे हे जड जाई. आणि सरपण मिळत नसेल तर शेण चुलीतच जाणार. 1951 साली सिंद्रीचा कारखाना सुरू झाल्यावर पोत्यातील खत हाताशी आले, आणि साठोत्तर काळात त्याच खताच्या व नव्या बियाण्याच्या बळावर देशाची अन्नटंचाई हटली, हेही खोटे नाही. रासायनिक खताला हॉवर्ड यांनी केलेला सर्वस्वी विरोध आज बहुतेक शास्त्रज्ञ स्वीकारीत नाहीत. परंतु जमिनीतील सेंद्रिय अंश घटला की पोत्यातील खतही पुरेसे फळ देत नाही, हे त्यांचे सांगणे मात्र प्रयोगशाळांनी आणि शेतांनीही मान्य केले आहे.

त्यामुळे शोध थांबला नाही. बंगळूर येथे आचार्य यांनी वारंवार उलथण्याचे श्रम वाचविणारी पद्धत काढली. यवतमाळ जिल्ह्यातील पुसद येथील नारायण देवताव पांढरीपांडे यांनी विटांच्या जाळीदार टाक्यात थोड्या शेणात पुष्कळ खत करण्याची युक्ती बसविली. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून तिला 'नाडेप' म्हणतात. इंदूरच्या संस्थेच्या जागी पुढे कृषिमहाविद्यालय उभे राहिले. आणि 2022 च्या फेब्रुवारीत त्याच शहरात देवगुराडिया येथे दररोज 550 टन ओला कचरा घेऊन त्यापासून वायू आणि खत करणारा कारखाना सुरू झाला.

शहर बदलले, कचरा बदलला, मोजमापे बदलली. कुजविणाऱ्या जिवांची भूक मात्र यशवंत वाड यांनी मोजली तीच आहे. खताच्या ढिगाला ज्या नगरीचे नाव मिळाले, तेथील मराठी घरांनी त्या ढिगामागचे हे दुसरे नाव आपल्या मुलांना सांगितले, तर 1931 च्या मुखपृष्ठावरील एक जुने देणे फिटेल.