ब्रिटनचा वर्क व्हिसा लवकर रिन्यू करताय? आधी पाच वर्षांचा हिशेब मांडा

कोकणातल्या मुस्लिम घरांना आखाताचा व्हिसा नवा नाही. तिथे इकामा रिन्यू झाला की पुढच्या मुदतीपर्यंत चिंता मिटते. सर्वसाधारण नोकरदाराला नुसत्या नोकरीच्या वर्षांवर तिथे कायमचा रहिवास मात्र मिळत नाही. ब्रिटनमध्ये तसं नाही. तिथल्या स्किल्ड वर्कर व्हिसाचं प्रत्येक नूतनीकरण ‘इंडेफिनिट लीव्ह टू रिमेन’ म्हणजे आयएलआरच्या, कायम वास्तव्याच्या वाटेवरचा टप्पा असतो. त्यामुळे रिन्यूअल वेळेत करणं पुरेसं नाही, ते कोणत्या तारखेपर्यंत आहे हेही पाहावं लागतं. मुलगा, सून किंवा जावई तिकडे असेल तर पुढील बाबी घरात सगळ्यांनाच माहीत हव्यात. इथले आकडे २०२५ च्या नियमांनुसार आहेत.

पाच वर्षं कुठून मोजायची?

स्किल्ड वर्कर व्हिसा १ डिसेंबर २०२० पासून सुरू झाला. त्याआधीच्या टियर २ जनरल व्हिसावरचा काळही पाच वर्षांत धरला जातो. स्टुडंट आणि ग्रॅज्युएट व्हिसाची वर्षं यात धरत नाहीत. नोकरी बदलली किंवा व्हिसा रिन्यू केला म्हणून मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होत नाही. अट एवढीच की मध्ये खंड पडता कामा नये. आयएलआरचा अर्ज पाच वर्षं पूर्ण होण्याआधी जास्तीत जास्त २८ दिवस करता येतो. त्याआधी केला तर तो फेटाळला जाऊ शकतो आणि फीही जाते.

लवकर रिन्यू केलं तर?

रिन्यूअलसाठी कंपनीकडून नवं सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप लागतं. ते मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत अर्ज करायचा असतो. लवकर अर्ज केल्याने पाच वर्षांच्या मोजणीला धक्का लागत नाही. पण जुन्या व्हिसाची उरलेली मुदत नव्यात जोडून मिळत नाही. नवा व्हिसा सर्टिफिकेटवरच्या शेवटच्या तारखेनंतर १४ दिवसांपर्यंतच असतो. घोळ होतो तो इथेच.

उदाहरण घेऊ. समजा कुणी १ फेब्रुवारी २०२१ ला तीन वर्षांच्या व्हिसावर नोकरी सुरू केली. पाच वर्षं १ फेब्रुवारी २०२६ ला पुरी होतात, म्हणजे आयएलआरचा अर्ज ४ जानेवारी २०२६ पासून करता येतो. त्याने नोव्हेंबर २०२३ मध्येच रिन्यूअल केलं आणि कंपनीने १ डिसेंबर २०२३ पासून सरळ दोन वर्षांचं सर्टिफिकेट दिलं. व्हिसा संपला १४ डिसेंबर २०२५ ला. अवघ्या तीन आठवड्यांसाठी पुन्हा एक रिन्यूअल, पुन्हा सगळा खर्च!

म्हणून एचआरला ‘दोन वर्षांचं द्या’ असं सांगू नका. पाच वर्षं पूर्ण होण्याची तारीख सांगा आणि त्यापुढे थोडी सवड ठेवून मुदत मागा. गरजेपेक्षा फार लांब व्हिसाही घेऊ नका, कारण हेल्थ सरचार्ज पूर्ण मुदतीचा आगाऊ भरावा लागतो. मोठ्यांसाठी तो वर्षाला १,०३५ पाऊंड आहे. वरचे सहा महिने किंवा त्याहून कमी असतील तर अर्ध्या वर्षाचा लागतो. मध्येच आयएलआर मिळाला तर उरलेला परत मिळत नाही. हेल्थ अँड केअर वर्कर व्हिसावाल्यांना हा सरचार्ज नाही.

हज, उमरा आणि गावची सुट्टी

कोणत्याही सलग १२ महिन्यांत १८० दिवसांपेक्षा जास्त काळ ब्रिटनबाहेर राहता येत नाही. निघण्याचा आणि परतण्याचा दिवस यात धरत नाहीत. हज, उमरा, निकाह, ईदची सुट्टी सगळं याच १८० दिवसांत येतं. आई-वडिलांचा गंभीर आजार किंवा इंतकाल अशा कारणाने दिवस वाढले तर सवलत मिळू शकते, पण हॉस्पिटलची कागदपत्रं किंवा मृत्यूचा दाखला जपून ठेवा.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. मुदत संपण्याआधी अर्ज केला असेल तर निर्णय येईपर्यंत राहण्याचा आणि काम करण्याचा हक्क चालू राहतो. पण त्या काळात ब्रिटन, आयर्लंड आणि जवळच्या ब्रिटिश बेटांबाहेर गेलात तर अर्ज मागे घेतला असं धरलं जातं. हजचं तिकीट काढून झाल्यावर रिन्यूअलचा अर्ज टाकू नका. आधी एक काम पूर्ण करा, मग दुसरं.

बायको-मुलांचं काय?

पती किंवा पत्नीची पाच वर्षं स्वतंत्र मोजली जातात. पत्नी दोन वर्षं उशिरा गेली तर तिचा आयएलआरही तेवढाच मागे जातो. उर्दू किंवा मराठी निकाहनाम्याला प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागतं. सोबत विवाह नोंदणीचा सरकारी दाखला काढून ठेवावा.

आयएलआरच्या वेळी

कंपनीला अजून तुमची गरज आहे आणि पगार नियमाइतका आहे, असं तिने लिहून द्यावं लागतं. इंग्रजीच्या पुराव्याबरोबर ‘लाइफ इन द यूके’ परीक्षाही आहे. २४ पैकी १८ उत्तरं बरोबर हवीत. ९ एप्रिल २०२५ पासून फी माणशी ३,०२९ पाऊंड झाली. चौघांचं कुटुंब असेल तर रक्कम मोठी होते. ऐनवेळी व्याजाचं कर्ज काढावं लागू नये, म्हणून पहिल्या वर्षापासून थोडं थोडं बाजूला टाका.

पुढे काय?

ब्रिटिश सरकारने मे २०२५ मध्ये पाचाऐवजी दहा वर्षांचा प्रस्ताव मांडला. नोव्हेंबर २०२५ च्या आराखड्यात कमी कौशल्याच्या कामांसाठी १५ वर्षं सुचवली, आणि आधीच तिथे असलेल्यांनाही हे लागू करण्याचा विचार त्यात आहे. म्हणून अर्जाआधी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर चालू नियम पाहाच. सल्ला हवा असेल तर सॉलिसिटर किंवा इमिग्रेशन अॅडव्हाइस अथॉरिटीकडे नोंदणी असलेला सल्लागार गाठा. सर्टिफिकेटसाठी कुणी तुमच्याकडे पैसे मागत असेल तर तिथेच थांबा. ३१ डिसेंबर २०२४ पासून दिलेल्या सर्टिफिकेटची फी कंपनीने कामगाराकडून वसूल करायची नाही, असा नियम आहे.

आमची एकच विनंती: एका कागदावर पहिल्या व्हिसाची तारीख, पाच वर्षं आणि दहा वर्षं पूर्ण होण्याच्या तारखा आणि प्रत्येक प्रवासाचे दिवस लिहून ठेवा. एचआरशी बोलताना तोच कागद समोर असू द्या.