मातब्बर, तालेवार, पांढरपेशा : परभणी परिसरातील वर्ग, पैसा आणि प्रतिष्ठा

'मध्यमवर्गीय' हे विशेषण मराठी समीक्षेने इतक्या सढळपणे वापरले आहे की, ते नेमक्या कोणत्या समाजाला लावले जात आहे हे विचारण्याचे कुणाला सुचत नाही. लेखक कारकून असला, शिक्षक असला, त्याचे आडनाव कुलकर्णी वा देशपांडे असले की तो मध्यमवर्गीय ठरतो. मग त्याच्या साहित्यातील दुःख मध्यमवर्गीय आणि त्याच्या मर्यादाही मध्यमवर्गीयच. या विशेषणामागे जो समाज गृहीत धरलेला असतो तो मुंबई-पुण्याचा आहे. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, इंग्रजी शिक्षण घेतलेल्यांना सरकारी नोकऱ्या, वकिली आणि अध्यापन यांत स्थान मिळाले, आणि नियमित पगार, वृत्तपत्र, नाटक व ग्रंथसंग्रहालय यांच्या आधारे एक वर्ग स्वतःला ओळखू लागला. हा इतिहास खरा आहे. पण तो सर्व महाराष्ट्राचा नाही. निजामाच्या राज्यातील परभणी जिल्ह्यात वर्गाची जडणघडण वेगळ्या क्रमाने झाली. तो क्रम ध्यानात न घेता या भागातील लेखकांविषयी जे लिहिले गेले, त्यात वर्गविश्लेषणापेक्षा वर्गाचा तोराच अधिक आहे, असे माझे मत आहे.

वर्ग म्हणजे केवळ पैसा नव्हे, हे आता नव्याने सांगावयास नको. मार्क्सने वर्गाचा निकष उत्पादनसाधनांशी असलेल्या नात्यात शोधला. माक्स वेबरने बाजारातील स्थानावर आधारलेला वर्ग आणि मानमरातबावर आधारलेला दर्जागट यांत भेद केला. हे दोन्ही एकाच माणसाच्या ठिकाणी नेहमी एकत्र येतातच असे नाही, हा वेबरच्या मांडणीतील आपल्याला उपयोगी पडणारा मुद्दा होय. व्हेब्लेनने १८९९ साली श्रीमंतांच्या दिखाऊ उपभोगाचे विश्लेषण केले, तर पिएर बुर्द्यू याने १९७९ साली अभिरुचीसुद्धा वर्गीय सीमारेषा आखण्याचे साधन असते हे दाखविले. इंग्रजीतील 'स्नॉब' या शब्दाचा प्रवासही पाहण्याजोगा आहे. मुळात चांभाराला लावला जाणारा हा शब्द केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी गावातल्या सामान्य माणसासाठी वापरला, आणि थॅकरेच्या १८४८ च्या पुस्तकानंतर तो उलटून, वरच्यांची नक्कल करीत खालच्यांना हिणवणाऱ्याला चिकटला. म्हणजे ज्याला हिणवावयाचे त्याच्यासाठी असलेला शब्द हिणवणाऱ्यासाठी रूढ झाला. मराठीत याला नेमका प्रतिशब्द नाही. 'शिष्टंमन्य' आहे, पण तो पुस्तकी. बोलीत आपण तोरा, मिजास, बडेजाव, ऐट असे वेगवेगळे शब्द वापरतो आणि त्यांतील प्रत्येकाची छटा निराळी असते. बडेजाव पैशाचा असू शकतो. मिजास बहुधा अधिकाराची असते.

परभणी परिसरात प्रतिष्ठेसाठी जे शब्द आहेत ते अधिक काळजीपूर्वक वाचले पाहिजेत. 'तालेवार' हा श्रीमंतासाठीचा शब्द अरबी 'ताले', म्हणजे नशीब, यापासून आला. संपत्ती ही कर्तबगारीची नव्हे तर दैवाची खूण, असे तो शब्द मानतो. 'मातब्बर' हा 'मुअतबर' याचा अपभ्रंश. त्याचा मूळ अर्थ विश्वासार्ह, ज्याच्या शब्दावर भिस्त ठेवता येईल असा. गावात मातब्बर कोण, तर ज्याला उधार मिळते तो. 'अब्रू' हा फारसी समास 'चेहऱ्यावरचे पाणी' असे सांगतो, आणि म्हणून अब्रू 'जाते', तिचे 'पाणी' होत नाही एवढेच. 'इभ्रत' या शब्दाचे मूळ तर फारच बोलके आहे : अरबीत 'इब्रत' म्हणजे दुसऱ्याच्या अवस्थेवरून घ्यावयाचा धडा. मराठीत तिचा मान झाला. दुसऱ्यांनी आपल्याकडे पाहणे हा दोन्ही अर्थांतला समान धागा. नशीब, पत, चेहरा, दुसऱ्याची नजर : या शब्दांपैकी एकही थेट पैशाचा नाही, आणि तरीही पैशावाचून यांतील एकही फार काळ टिकत नाही. वर्गाविषयीची आपली बोलीतली समज ही अशी आहे.

आता इतिहासाकडे वळू. सालारजंग पहिला याच्या कारकिर्दीत १८६५ साली हैदराबाद संस्थानात जिल्हाबंदी झाली. तत्पूर्वी परगण्याचा महसूल गोळा करणारे देशमुख आणि हिशेब ठेवणारे देशपांडे हे सत्तेचे खरे मध्यस्थ होते. जिल्हाबंदीनंतर वसुलीचे काम पगारी अधिकाऱ्यांकडे गेले. अव्वल तालुकदार, तहसीलदार, पेशकार, सरिश्तेदार अशी नवी उतरंड तयार झाली आणि जुन्या वतनदारांना त्यांच्या हक्कांपोटी रोख 'रुसूम' मिळू लागला. ही घटना वाटते त्यापेक्षा मोठी आहे. काम गेले, मोबदला राहिला आणि नाव राहिले. या परिसरातील देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, चौधरी ही आडनावे मुळात पदांची नावे होत. पद रिकामे झाल्यावर नावात जो मान साठून राहतो, तो सांभाळण्याचा खर्च मात्र थांबत नाही. वाडा, लग्नकार्य, पंगत, दारातली जनावरे यांवरचा खर्च रुसुमाच्या रकमेत भागत नव्हता. वाडा पडका आणि घराणे मोठे, हे मराठवाड्याच्या खेड्यातील परिचित चित्र येथून सुरू होते. त्याला नुसते 'सरंजामी अवशेष' म्हणून मोकळे होणे सोपे आहे. वस्तुतः ते पैसा आणि मान यांची फारकत कशी होते याचे उदाहरण आहे.

दुसरीकडे पैसा येत होता. १९०० साली मनमाड-हैदराबाद हा गोदावरी खोऱ्यातील लोहमार्ग पूर्ण झाला. काळ्या जमिनीतला कापूस सेलू, मानवत, परभणी येथील बाजारात येऊ लागला, सरकी काढण्याचे आणि गठ्ठे बांधण्याचे कारखाने उभे राहिले, आडत वाढली. या पैशाचे मालक प्रामुख्याने व्यापारी होते, आणि त्यांत बाहेरून येऊन स्थायिक झालेल्या मारवाडी कुटुंबांचा वाटा मोठा होता. व्यापारी तालेवार झाला. पण गावाने त्याला घरंदाज म्हटले नाही. देशमुख त्याच्याकडून कर्ज घेत असे आणि बैठकीत मात्र त्याला लोडापासून चार हात दूर बसवीत असे. या चार हातांच्या अंतरात तोऱ्याचे सारे शास्त्र आहे. जो मान विकत घेता येत नाही तोच मिरवण्याजोगा, हे रिकाम्या तिजोरीच्या मालकाला चांगले कळते.

संस्थानात चलनही दोन होते. निजामाचा हाली सिक्का आणि इंग्रजी मुलखातला कलदार. सुमारे सात हाली रुपयांना सहा कलदार, असा व्यवहारातला भाव होता. सीमेपलीकडच्या बाजाराशी संबंध आला की आपला रुपया लहान पडतो, हा अनुभव येथील माणसाला रोजचा होता. भाषेच्या बाबतीतही तसेच घडले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस राज्यकारभारातून फारसी गेली आणि उर्दू आली. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणमाध्यम उर्दू होते. मराठी घरातील मुलाला प्रतिष्ठेची नोकरी हवी असेल तर त्याची वाट उर्दूतून जात होती. घरात मराठी, कचेरीत उर्दू, आणि वाचावयाचे मासिक पुण्याचे किंवा मुंबईचे : या तिन्हींचे भाव वेगवेगळे होते. कचेरीत जी भाषा माणसाला मोठा करीत होती ती पुण्याच्या संपादकापुढे कवडीमोलाची होती. मुंबई-पुण्याच्या पांढरपेशाला इंग्रजीने नोकरी आणि साहित्यसंस्कृती या दोन्ही गोष्टी एकदम दिल्या. परभणीच्या पांढरपेशाला त्या दोन निरनिराळ्या ठिकाणांहून, दोन निरनिराळ्या भाषांतून, दुप्पट किमतीने मिळवाव्या लागल्या.

बी. रघुनाथ यांचा विचार या संदर्भात करावयास हवा. भगवान रघुनाथ कुलकर्णी यांचा जन्म १९१३ साली परभणी जिल्ह्यातील सातोना येथला. हैदराबादला शिक्षण झाले, आणि परिस्थितीमुळे ते पुढे न जाता त्यांनी निजामाच्या बांधकाम खात्यात कारकुनी पत्करली. ७ सप्टेंबर १९५३ रोजी, वयाच्या चाळिशीतच, त्यांचे निधन झाले. एवढ्या अल्प आयुष्यात 'आलाप आणि विलाप' (१९४१) हा कवितासंग्रह, 'ओ', 'हिरवे गुलाब', 'बाबू दडके', 'म्हणे लढाई संपली', 'जगाला कळले पाहिजे', 'आडगावचे चौधरी' यांसारख्या कादंबऱ्या, कथा आणि ललितनिबंध असे विपुल लेखन त्यांनी केले. 'पुन्हा नभाच्या लाल कडा' हा संग्रह १९५५ साली, त्यांच्या मागे प्रसिद्ध झाला. सुरुवातीला ते 'फुलारी' या नावाने कविता लिहीत. पुढे 'बी. रघुनाथ' हे नाव आले आणि कायम झाले. या नावात काय उरले आणि काय गेले हे पाहावे. व्यक्तिनामाचे इंग्रजी आद्याक्षर उरले, वडिलांचे नाव उरले. गेले ते कुलकर्णी, म्हणजे वतनाचे नाव. ज्या समाजात आडनाव हीच पत होती तेथे लेखकाने आपल्या वाङ्मयीन नावातून पदवाचक आडनाव वगळणे, यामागे त्यांचा हेतू काय असेल तो असो, वर्गाच्या इतिहासात याला अर्थ आहे.

अशा लेखकाला 'मध्यमवर्गीय जाणिवेचा' म्हणणे कितपत न्याय्य आहे? कारकुनी होती, म्हणजे पगार होता. पण त्या पगारामागे इंग्रजी शिक्षितांच्या वर्गाचे सांस्कृतिक बळ नव्हते. जात वरची होती. पण तिची भाषा कचेरीत दुय्यम होती. वाचकवर्ग शेकडो मैल दूर, राजकीय सीमेपलीकडे होता. तरीही त्यांची चर्चा दीर्घकाळ दोनच प्रकारे होत राहिली : एक 'उपेक्षित' म्हणून, दुसरी 'मराठवाड्याचे' म्हणून. उपेक्षित म्हणताना उपेक्षा करणारा कोण हे सांगण्याचे टाळले जाते. आणि 'मराठवाड्याचे' हे विशेषण लावणारे समीक्षक पुण्याच्या लेखकाला 'पुण्याचे' म्हणत नाहीत. तो नुसता मराठी लेखक असतो. ज्याला विशेषणाची गरज नाही तो घरंदाज, ज्याला आहे तो आश्रित. बैठकीतले ते चार हातांचे अंतर वाङ्मयेतिहासातही मोजता येते.

१९४८ च्या सप्टेंबरातील पोलीस कारवाईनंतर ही सारी रचना अल्पावधीत कोसळली. १९४९ साली जागिरी रद्द झाल्या, १९५० च्या कुळकायद्याने संरक्षित कुळांना हक्क दिले, हाली नाणे त्याच दशकात चलनातून गेले. १९५६ साली मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. नाण्याबरोबर उर्दूचेही मोल उतरले. आयुष्यभर जमविलेली दफ्तरी उर्दू ज्यांच्याजवळ होती त्यांची ती पुंजी बाद नोटांसारखी झाली. यात मुसलमान कर्मचाऱ्यांचा ऱ्हास सर्वांत मोठा, हे आपल्या मुक्तिलढ्याच्या इतिहासलेखनात ओझरतेच येते.

नवा मान शिक्षणातून आला. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ, १९७२ साली परभणीत कृषी विद्यापीठ, आणि दरम्यान तालुक्यांच्या गावी निघालेली महाविद्यालये यांनी शेतकरी घरांतून एक पगारदार वर्ग तयार केला. प्रस्तुत लेखक त्याच वर्गातला आहे, तेव्हा त्याविषयी सौम्य राहण्याचे कारण नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या वेतनश्रेण्यांनी प्राध्यापकाला गावातील बागायतदाराच्या पंक्तीला नेऊन बसविले. त्याने प्लॉट घेतला, मुलांना इंग्रजी माध्यमात घातले, आणि वर्गात ग्रामीण साहित्य शिकविले. शेतीत राबणारा भाऊ गावाकडे राहिला. या घरात वर्ग बदलला तो दोन पिढ्यांमध्ये नव्हे, दोन सख्ख्या भावांमध्ये. इंद्रजित भालेराव यांच्या 'पीकपाणी' (१९८९) नंतरच्या कवितेला या परिसरात जो प्रतिसाद मिळाला, त्यात या शिकलेल्या भावाच्या अपराधी मनाचाही वाटा होता असे मला वाटते.

पण पैशाने आणि पगाराने मान मिळतो हा नियमही सर्वांना लागू नाही. डॉ. आंबेडकरांनी १९१६ च्या कोलंबिया विद्यापीठातील निबंधात जात म्हणजे दारे बंद केलेला वर्ग अशी मांडणी केली. तिचा पडताळा मराठवाड्याने १९७८ साली पाहिला. विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावानंतर ज्या दंगली झाल्या त्यांत दलित वस्त्या जळाल्या. शिकलेला, नोकरी लागलेला, नीटनेटके कपडे घातलेला दलित तरुण ज्यांच्या डोळ्यांत सलत होता, त्यांचा राग त्याच्या गरिबीवर नव्हता. मारवाड्याला बैठकीत दूर तरी बसविले जात होते. येथे बैठकीचाच प्रश्न नव्हता. नामविस्तार व्हायला १९९४ साल उजाडावे लागले.

श्रमाचा प्रश्न तर या सगळ्या मानापमानाच्या खालीच राहतो. गुढीपाडव्याला ठरणारा सालगडी, आणि दसरा-दिवाळीनंतर मुकादमाकडून उचल घेऊन उसाच्या फडाकडे निघणारी गंगाखेड, सोनपेठ, पालम भागातली कुटुंबे यांना कुणी मातब्बर म्हणत नाही. त्यांना मिळणारे पैसे मात्र उधारीचेच असतात. देशमुखाला कर्ज मिळत असे ते त्याच्या नावावर, ऊसतोड्याला उचल मिळते ती त्याच्या हातांवर. पहिल्याची पत वाढते, दुसऱ्याचे वर्ष बांधले जाते. गंगाखेडच्या जनाबाईने दळणकांडण, झाडलोट आणि शेणगोठा ही मोलकरणीची कामे अभंगात आणली आणि विठ्ठलाला त्यांत हात लावावयास लावला. आपण तिला संत म्हणून पूजतो; श्रमाच्या इतिहासाचे साधन म्हणून तिच्याकडे अभावानेच पाहिले आहे.

१९९५ साली परभणीत अडुसष्टावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष नारायण सुर्वे. एका गिरणी कामगाराने सांभाळलेले अनाथ मूल, स्वतः गिरणीत राबलेले, शाळेत शिपाई आणि मग शिक्षक झालेले कवी. वर्ग हा शब्द मराठी कवितेत ज्यांच्यामुळे पुस्तकी राहिला नाही, त्यांना हा मान या जिल्ह्यात मिळाला, ही योगायोगाची असली तरी चांगली गोष्ट झाली. मात्र त्या निमित्ताने येथील वाङ्मयीन परंपरेचा जो आढावा घ्यावयास हवा होता तो पुढेही मुख्यतः प्रादेशिक गौरवाच्या सुरात होत राहिला. परभणीत पत्रकारिता करणारे आसाराम लोमटे यांच्या 'आलोक' या कथासंग्रहाला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांच्या कथेत नवे सत्ताधारी, ठेकेदार, संस्था, तालुक्याचे राजकारण आणि त्यांत भरडला जाणारा माणूस आहे. म्हणजे वर्ग घडताना दिसतो. स्वागताच्या लेखनात तिला बहुधा एकच विशेषण मिळाले : ग्रामीण.