लाईन गेली, फ्रीजर बंद पडला... मग मटणाचं काय?

आजचा भाग इतिहासाचा आहे, पण सुरुवात आमच्या घरातून.

मे महिना, चंद्रपूर. संध्याकाळी वादळ आलं आणि लाईन गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी परत आली. फ्रीजरमध्ये दोन डबे होते. एकात कच्चं मटण आणि दुसऱ्यात आदल्या दिवशीचा शिजवलेला रस्सा. कच्च्या मटणाला वास येत होता, आईनं ते फेकलं. रस्सा मात्र एकदम चांगला वाटत होता. मी जरा कुरकुरलो, तर आई म्हणाली, "काही होत नाही गा, चांगला उकळून टाकतो."

उकळला, खाल्ला. तीन तासांत घरातले तिघं उलट्या करत होते, आणि त्यात माझी सत्तरीची आजी होती. तिला सलाईन लावावं लागलं. तपासणी कोणी केली नाही, त्यामुळे दोष रस्स्याचाच असं शपथेवर नाही सांगू शकत. पण प्रश्न डोक्यात राहिला. उकळल्यावर सगळं मरतं ना? मग हे कसं झालं?

आता थोडं मागे जाऊ. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात फ्रीजर येण्याआधी लोक मटण खातच होते की! पण साठवत नव्हते. बकरा कापला की गावात हिस्से पडायचे आणि ज्याचा हिस्सा त्याच्याकडे त्याच दिवशी शिजायचा. उरलंच तर पट्ट्या कापून चुलीवर धुरात वाळवायच्या. मासळीचंही तेच. यामागे साधी गोष्ट आहे. जंतूंना वाढायला पाणी लागतं, वाळवलं की ते मिळत नाही. पुस्तक न वाचता लोकांनी हा नियम पाळला होता.

मग जगात बर्फाचं यंत्र आलं. 15 फेब्रुवारी 1882 ला न्यूझीलंडच्या पोर्ट चाल्मर्स बंदरातून 'डनेडिन' नावाचं शिडाचं जहाज निघालं. पोटात जवळजवळ 5,000 गोठवलेली जनावरं, मुख्यतः मेंढ्या, आणि कोळशावर चालणारं थंडीचं यंत्र. उष्ण कटिबंधात आल्यावर कॅप्टन व्हिटसनच्या लक्षात आलं की गार हवा सगळीकडे पोचत नाहीये. म्हणजे फ्रीजर बिघडला, तोही भर समुद्रात! तो स्वतः आत सरपटत गेला, हवेसाठी भोकं पाडली आणि थंडीनं जवळजवळ गोठलाच. पायाला दोरी बांधून त्याला बाहेर ओढलं. 98 दिवसांनी जहाज लंडनला पोचलं, तेव्हा फक्त एक जनावर खराब निघालं.

लक्षात घ्या, गोठवल्यानं जंतू मरत नाहीत. ते नुसते थांबतात. यंत्र थांबलं की ते पुन्हा कामाला लागतात. कॅप्टनची सगळी धडपड त्यासाठी होती.

आता आपल्या उकळण्याच्या प्रश्नाकडे येऊ. फिलिपिन्समध्ये, आपल्यासारख्याच उकाड्यात, बार्बर नावाचा एक संशोधक होता. एका शेतावर गेला की दर वेळी त्याचं पोट बिघडायचं. त्यानं शोध घेतला. मूळ निघालं तिथल्या एका गाईच्या सडात. तिचं दूध ताजं प्यायलं तर काही होत नव्हतं. तेच काही तास बाहेर ठेवून प्यायलं की उलट्या! हे त्यानं स्वतःवर प्रयोग करून पाहिलं आणि 1914 मध्ये छापलं. दोषी होता स्टॅफिलोकॉकस, जो आपल्या हातावर आणि नाकातही असतो.

पुढच्या संशोधनात खरी मेख कळली. हा जंतू अन्नात विष सोडतो. उकळलं की जंतू मरतो, पण ते विष तसंच राहतं. त्याला ना वास, ना चव. म्हणजे आईचं म्हणणं अर्धं खरं होतं, आणि राहिलेल्या अर्ध्यानं आजीला सलाईनपर्यंत नेलं.

गंमत बघा, चंद्रपूरचं औष्णिक वीज केंद्र 2,920 मेगावॅटचं. राज्याला वीज देणारं आपलं शहर, पण वादळात आपल्याच घरची लाईन जाते. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, वीजही जाते. आपल्याकडे फ्रीजर पोचला, जुनी हिस्स्यांची आणि वाळवण्याची सवय सुटत चालली, पण फ्रीजर बंद पडल्यावर काय करायचं ते कोणी शिकवलंच नाही.

तर ते आज शिकून घेऊ. लाईन गेली की दार उघडू नका. अमेरिकेच्या कृषी खात्याचा हिशोब असा: बंद दाराचा गच्च भरलेला फ्रीजर साधारण 48 तास टिकतो, अर्धा भरलेला 24, आणि खालचा फ्रीज फक्त 4 तास. पण आपल्या एका दाराच्या फ्रीजमधला छोटा बर्फाचा कप्पा आणि 45 अंशांचं ऊन धरलं, तर इतकी आशा ठेवू नका. घड्याळापेक्षा बर्फ बघा. मटणात अजून बर्फाचे कण असतील, तर शिजवा किंवा परत गोठवा. पूर्ण सुटून कोमट झालं असेल, तर फेका. चाखून बघू नका.

आणि घरी नसताना लाईन जाऊन आली तर? एका वाटीत पाणी गोठवून त्यावर नाणं ठेवा. नाणं तळाशी गेलेलं दिसलं, तर समजा की मधे सगळं वितळलं होतं.

आमच्या फ्रीजरमध्ये आता अशी वाटी असते. लाईन आली की आई आधी नाणं बघते, मग डबा उघडते. परवा नाणं तळाशी होतं. किलोभर मटण फेकताना तिचा जीव तुटत होता. आजीच म्हणाली, "फेक गा बाई, सलाईन महाग पडते."

हा भाग घरच्या स्वयंपाकघरात नक्की ऐकवा. भेटू पुढच्या भागात!