अक्षराचा आकार आणि अक्षराची ओळख

संगणकावर मांडलेला अहवाल किंवा प्रबंध छापताना बिघडला, म्हणजे जोडाक्षरे फुटली, वेलांट्या सरकल्या, ओळीच्या जागी चौकोन उमटले, की आपण त्याला मुद्रणदोष म्हणतो आणि डीटीपी करणाऱ्यावर सोपवून मोकळे होतो. वस्तुतः यांतले बहुतेक बिघाड अक्षराकडे पाहण्याच्या दोन भिन्न दृष्टींच्या संघर्षातून उद्भवतात. एका दृष्टीने अक्षर हा आकार आहे, दुसऱ्या दृष्टीने ती ओळख आहे. या संघर्षाची पाळेमुळे मराठी मुद्रणाच्या आरंभापर्यंत जातात.

विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण १८०५ साली श्रीरामपूर येथे देवनागरी खिळ्यांनी छापले गेले. त्याचा कोश १८१० साली मोडी खिळ्यांत निघाला. पुढे मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागरने देवनागरी खिळ्यांना देखणे रूप दिले. परंतु खिळा कितीही सुबक असला तरी जुळाऱ्याच्या लेखी अक्षर म्हणजे आकारच. ‘दिवस’ जुळवताना वेलांटी आधी येते, ‘द’ नंतर. ‘सूर्य’मधला ‘र’ उच्चारात ‘य’च्या आधी असला तरी रफार म्हणून तो ‘य’च्या डोक्यावर बसतो. उच्चाराचा क्रम आणि जुळणीचा क्रम असे वेगळे होते, पण त्याने काही बिघडत नसे. छपाई झाली की जुळणी सोडून खिळे आपापल्या खणांत परत जात; मागे उरे तो कागद, आणि कागद वाचायला खिळ्यांची गरज नसे.

संगणकाने ही सोय हिरावून घेतली, कारण येथे जुळणी हाच दस्तऐवज झाला. १९८५ साली आलेले पेजमेकर रोमन लिपी गृहीत धरून घडलेले होते. त्यात मराठी पान मांडण्यासाठी फॉन्टकारांनी एक चतुर तोडगा काढला. फॉन्टात उपलब्ध असलेल्या, जास्तीत जास्त २५६ जागांवर त्यांनी काना, वेलांट्या, अर्धी अक्षरे, रफार असे तुकडे बसवले. संगणकाच्या दृष्टीने मजकूर रोमनच राहिला. डोळ्यांना तेवढा मराठी दिसला. श्रीलिपी, आकृती अशा प्रत्येक पद्धतीची मांडणी निराळी. फॉन्ट बदलला की मराठीचा मुखवटा गळून पडे आणि खालची निरर्थक रोमन चिन्हे उघडी पडत. या तोडग्याला कमी लेखण्याचे कारण नाही. मराठीतील असंख्य पुस्तके आणि नियतकालिके त्याच्याच बळावर निघाली. मात्र त्यांच्या फायलींत उरली ती आकारांची जुळणी.

दुसरी दृष्टीही त्याच काळात आकार घेत होती. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली स्वीकारलेल्या ‘इस्की’ संकेतात अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठवली जात. १९८८च्या ‘इस्की’चाच आधार घेऊन युनिकोडने देवनागरीला १२८ जागा दिल्या, युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ची. येथे ‘द’ म्हणजे ‘द’ची ओळख. तो कसा दिसावा, जोडाक्षरात कसा वाकावा, हे फॉन्ट आणि मांडणी करणारे सॉफ्टवेअर ठरवते. विंडोज २०००पासून ही सोय सामान्य वापरात येऊ लागली.

हा इतिहास ठाऊक असला की बिघाडाची लक्षणे वाचता येतात. चौकोन दिसले तर मजकूर बहुधा शाबूत आहे. फॉन्टात ती अक्षरे नाहीत. पाय मोडलेली अक्षरे सुटी दिसली आणि वेलांटी अक्षराच्या पुढे गेली, तर संकेत बरोबर आहेत. सॉफ्टवेअरला देवनागरीची जुळणी येत नाही. डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ पुनःपुन्हा दिसला, तर यूटीएफ-८ची फाइल रोमन संकेत समजून उघडली गेली आहे. त्या पद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्ह तीन बाइटांत साठवले जाते आणि पहिला बाइट नेहमी तोच असतो. अशी फाइल योग्य संकेत निवडून पुन्हा उघडावी; ती तशीच जतन मात्र करू नये. प्रश्नचिन्हांची रांग दिसली तर मात्र घात झाला. ज्या संकेतात देवनागरीला जागाच नाही, त्यात मजकूर ओतला गेला आहे. असे जतन झाले असेल, तर मूळ प्रत शोधण्यावाचून गत्यंतर नाही.

युनिकोडनेही सारे प्रश्न सुटले नाहीत. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला अर्थभेद मराठी वाचकाला सांगावा लागत नाही. परंतु ‘दऱ्या’तला अर्धा ‘र’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखीच दिसतात, पण साध्या शोधात एक रूप दिले तर दुसरे सापडत नाही. ‘ॲ’ला स्वतंत्र जागा मिळायला २००८ साल उजाडले, तोवर तो निरनिराळ्या युक्त्यांनी लिहिला जाई. त्यामुळे शब्दांची वारंवारिता मोजू पाहणाऱ्या अभ्यासकाची गणना नकळत चुकू शकते.

येथे हा विषय तंत्रज्ञांच्या हातून आपल्या हाती येतो. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नसे; मोडी कागद बाळबोधीत आणणाऱ्या संपादकाला तो प्रत्येक शब्दात ठरवावा लागे. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा प्रश्न पाठाचाच होता. जुन्या फॉन्टांतली फाइल युनिकोडमध्ये आणणे हेही पाठांतरच आहे. परिवर्तक सॉफ्टवेअर रफार चुकीच्या अक्षरावर ठेवते, अर्धा ‘र’ गाळते, आणि निपजलेला शब्द अर्थपूर्ण असेल तर ती चूक कोणाच्या लक्षातही येत नाही. ‘आचाऱ्यांना’चे ‘आचार्यांना’ झाले, तर यंत्र हरकत घेणार नाही. हरकत घेईल तो वाचक, छापील प्रत शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहणारा.

डीटीपीच्या त्या काळातल्या कित्येक लघुनियतकालिकांच्या आणि प्रबंधांच्या फायली आजही जुन्या डिस्कांवर पडून आहेत. ज्या फॉन्टात त्या जुळवल्या, तो फॉन्ट फायलींसोबत जपून ठेवणे हे पहिले काम, आणि परिवर्तित मजकूर मुळाशी ताडून पाहणे हे दुसरे. पाठचिकित्सा शिकवणाऱ्या विभागांनी ही कामे आपली मानली नाहीत, तर हस्तलिखितांचा काळ जसा आपल्याला अभ्यासता येतो, तसा हा अगदी अलीकडचा काळ अभ्यासता येणार नाही.